कुणासाठी बसली आहे ती?

१९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात ज्या तैलचित्राला सुवर्णपदक मिळालं, त्यात तीन मुली शेजारी-शेजारी बसल्या आहेत. एवढंच. मागे खिडकी नाही, झाड नाही, देवळाची पायरी नाही. हातात कमळ नाही, कडेवर घागर नाही. कपड्यांचे रंग सपाट आणि भरघोस, चेहरे मिटलेले, नजरा खाली किंवा बाजूला वळलेल्या. तिघींपैकी एकीचंही आपल्याकडे लक्ष नाही. चित्र अमृता शेर-गिलचं, १९३५ सालातलं. ते काढलं तेव्हा ती बाविशीत होती.

दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात, म्हणजे जयपूर हाउसमध्ये, अमृताची चित्रं एकत्र पाहायला मिळतात. या तिघींसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा थोडं अवघडायला होतं. चित्रातल्या बाईने आपली दखल घ्यावी अशी आपल्याला नकळत सवय लागलेली असते. तिने हसावं, लाजावं, पदर सावरावा, निदान आपल्याला न्याहाळू द्यावं. या मुली यातलं काही करत नाहीत. त्या कसल्या तरी विचारात आहेत, आणि तो विचार आपल्याला सांगायला त्या बांधील नाहीत.

स्त्रीने स्त्रीचं चित्र काढलं म्हणजे नेमकं काय बदलतं, हा प्रश्न गेली अनेक वर्षं माझ्या मनात आहे. शरीर अधिक उघडं किंवा अधिक झाकलेलं होतं, असं काही त्याचं उत्तर नाही. माझ्या मते बदलतं ते इतकंच की चित्रातली बाई कुणासाठी बसली आहे. हा बदल केवळ प्रतिभेने होत नाही. त्यासाठी वर्गात प्रवेश लागतो, खोली लागते, मॉडेलला द्यायला पैसे लागतात आणि खाली स्वतःचं नाव घालायची मुभा लागते. यातली एकेक गोष्ट कुणी तरी भांडून मिळवलेली आहे.

अमृताच्या आधी मुंबईच्या प्रेक्षकाचा डोळा घडवला तो राजा रविवर्म्याने. त्याचं मुद्रणालय १८९४ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलं. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या देव्हाऱ्यांत, दुकानांत, पंचांगांवर पोचल्या. त्याच्या कितीतरी नायिका मराठी पद्धतीचं लुगडं नेसलेल्या आहेत, कारण त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायका इथल्याच होत्या. चित्राखाली मात्र नाव आलं ते शकुंतलेचं, दमयंतीचं, तिलोत्तमेचं. ती प्रसिद्ध शकुंतला आठवा: पायातला काटा काढण्याचं निमित्त करून मागे वळून बघणारी. दुष्यंत चित्रात नाही. तो चित्राबाहेर, साधारण आपण प्रेक्षक असतो त्या दुनियेत कुठे तरी आहे, आणि सगळी कमान, सगळं वळण त्याच्यासाठी आहे. रविवर्म्याचं रेशीम आणि त्वचा रंगवण्याचं कसब मला मनापासून आवडतं. पण त्याची नायिका एकटी असली तरी क्षणभरही एकटी नसते.

रावबहादूर धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या बायका काढल्या, आणि तिथे हवा जरा मोकळी होते. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकातली त्यांची चित्रं पाहावीत. जातीजातींचे नमुने गोळा करणारं ते साहेबी पुस्तक आहे, तरी धुरंधरांची बाई चालते, ओझं वाहते, घाईत असते. त्यांची मुलगी अंबिका हिने १९३१ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली. तिचं ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन मराठीत आहे. चित्रकाराच्या घरची मुलगी असणं हा त्या काळी मुलीला कलाशाळेचं दार उघडण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग होता. अँजेला त्रिंदाद हीसुद्धा चित्रकार बापाचीच, आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांचीच मुलगी, आणि तीही जे.जे.चीच.

जे.जे.मध्ये नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. शाळा १८५७ सालची, म्हणजे साठेक वर्षं प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवर आणि कपडे घातलेल्या माणसांवरच हात बसवला जात होता. ज्यांनी लाइफ क्लास पाहिलेला नाही त्यांना वाटतं, तिथे काही तरी चोरटं चालत असेल. प्रत्यक्षात तिथे सगळ्यांत जास्त जाणवतात ते कष्ट. मध्ये एक चौथरा, भोवती इझल आणि ‘डाँकी’ म्हणतात ती बाकं. मॉडेलने पोज घेतली की तिच्या पावलांभोवती, हात टेकला असेल तिथे खडूने खुणा करतात, म्हणजे विश्रांतीनंतर ती पुन्हा नेमकी तिथेच बसू शकते. वीस-पंचवीस मिनिटं न हलता बसून पाहा, मग कळेल की हे अंगमेहनतीचं काम आहे. मान अवघडते, पायाला मुंग्या येतात, पंख्याचा वारा एकाच खांद्यावर लागत राहतो. या कामातून पिढ्यान्पिढ्यांचे चित्रकार घडले. त्यांच्या आत्मचरित्रांत गुरूंची नावं येतात, मित्रांची येतात, पदकांची येतात. मॉडेलचं नाव क्वचितच येतं.

या वर्गाच्या दारात बाई उभी राहिली की एक विचित्र कायदा लागू व्हायचा: चौथऱ्यावर तिचं स्वागत, इझलमागे मज्जाव. युरोपातही हेच होतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १७६८ सालच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पुढे योहान झोफानीने अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. या दोघी? त्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत. सदस्य असूनही त्या खोलीत त्यांना पाय ठेवता येत नव्हता, म्हणून झोफानीने त्यांना चौकटीत बसवलं. चित्रकाराची चित्रवस्तू कशी होते, हे याहून उघड कुणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

याला उत्तर द्यायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. लॉरा नाइट नॉटिंगहॅमला शिकत होती तेव्हा मुलींना पुतळ्यांवरूनच शरीर शिकावं लागे. १९१३ साली तिने जे चित्र काढलं त्यात ती स्वतः पाठमोरी उभी आहे, हॅट-कोट घालून, हातात कुंचला घेऊन. समोर नग्न मॉडेल, तीही पाठमोरी. आणि इझलवर त्याच मॉडेलचं अर्धवट झालेलं चित्र. लॉराचा चेहरा तेवढा एका बाजूने दिसतो. रॉयल अकॅडमीने ते प्रदर्शनात घेतलं नाही, समीक्षकांनी त्याला असभ्य ठरवलं. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात नग्नता मॉडेलची आहे, पण चित्राचा विषय काम करणारी बाई आहे. ज्या अकॅडमीने ते नाकारलं तिने १९३६ साली लॉरा नाइटला पूर्ण सदस्यत्व दिलं. कॉफमन-मोझरनंतर ते मिळालेली ती पहिली स्त्री.

आणि त्याच १९१३ साली, ३० जानेवारीला, बुडापेस्टमध्ये अमृताचा जन्म झाला. वडील उमरावसिंह शेर-गिल, मजिठियांच्या सरदार घराण्यातले, संस्कृतचे अभ्यासक आणि विलक्षण छायाचित्रकार. आई मारी आंतोआनेत, हंगेरियन, गाणारी. लहानपणापासून अमृता वडिलांच्या कॅमेऱ्यासमोर बसत आली. म्हणजे पोज देणं काय असतं हे तिला कुंचला धरण्याइतकंच लवकर कळलं होतं. १९२९ साली कुटुंब पॅरिसला गेलं. तिथल्या एकोल दे बोझारने मुलींना आत घ्यायला सुरुवात करून जेमतेम तीस वर्षं झाली होती. १८९७ पर्यंत तिथेही दार बंदच होतं. अमृता तिथे ल्यूसिएं सिमोंच्या हाताखाली शिकली. १९३२ सालच्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला पुढच्या वर्षी ग्रँड सालोंमध्ये सुवर्णपदक मिळालं. त्यातली कपडे घातलेली, आत्मविश्वासाने बसलेली मुलगी तिची बहीण इंदिरा. दुसरी मैत्रीण, अर्धवट कपड्यांतली, चेहऱ्यावर सोनेरी केस आलेले.

पण पदकाच्या त्या चित्रापेक्षा मी दर वेळी थांबते ती १९३३ सालच्या ‘प्रोफेशनल मॉडेल’पुढे. या नावातच एक धीटपणा आहे. तिला व्हीनस म्हटलेलं नाही, अप्सरा म्हटलेलं नाही. ही बाई पोटासाठी कपडे उतरवून बसते, तिचा हा व्यवसाय आहे, हे चित्रकर्तीने शीर्षकात लिहून टाकलं. बाई कृश, वय उतरणीला लागलेलं, खांदे पडलेले, स्तन ओघळलेले, चेहऱ्यावर आजारपणाची छाया. दिवसभर अशीच बसून असावी. आता कुणी तरी ‘विश्रांती’ म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा असेल. अमृताने हा थकवा लपवला नाही आणि त्याचा गहिवरही केला नाही. वीस वर्षांच्या मुलीला हे दिसलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. शेकडो विद्यार्थ्यांनी अशा बाया काढल्या असतील. प्रत्येकाने खांद्याची रेघ बघितली, मांडीवरचा उजेड बघितला. त्या अंगात राहणारी बाई बघायला ही आली.

पुढच्याच वर्षी तिने स्वतःला चौथऱ्यावर बसवलं. ‘सेल्फ पोर्ट्रेट अ‍ॅज अ ताहितियन’: कंबरेपर्यंत उघडी, हात मांडीवर एकमेकांवर ठेवलेले, केस मागे बांधलेले, पाठीमागे एका पुरुषाची गडद सावली. गोगँ १८९१ मध्ये ताहितीला गेला आणि तिथल्या सावळ्या मुली त्याने युरोपच्या भिंतींवर नेल्या. अमृताला गोगँ फार आवडायचा. त्याची रंगयोजना तिने घेतली, पण त्याच्या मुलीच्या जागी स्वतः जाऊन बसली, आणि कुंचला हातातून सोडला नाही. पॅरिसमध्ये तिच्या सावळ्या अंगाकडे लोक कोणत्या नजरेने बघत असतील ते तिला ठाऊक असणारच. त्या चित्रातली तिची नजर बाजूला, आपल्याला टाळून गेलेली आहे. विनवणी नाही, आव्हानही नाही. बघा, बघून झालं की मला माझं काम आहे, असा तो भाव मी वाचते.

१९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. शिमल्याच्या कलासंस्थेने तिची काही चित्रं नाकारून एकाला बक्षीस दिलं, तर तिने ते बक्षीस परत केलं. १९३६ च्या हिवाळ्यात ती मुंबईला आली, ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन झालं. इथे तिला कार्ल खंडालावाला भेटले. पेशाने वकील, पण भारतीय चित्रकलेचा अभ्यास असा की तिच्या कामातलं नवं काय ते त्यांना लगेच उमगलं. तिच्या मृत्यूनंतर तिच्यावरचं महत्त्वाचं पुस्तक त्यांनीच लिहिलं. पुढच्या पिढीला ते नाव नानावटी खटल्यातले बचावाचे वकील म्हणून अधिक माहीत झालं, याची मला खंत वाटते.

मुंबईहून ती अजिंठ्याला गेली, आणि तिचं चित्र कायमचं बदललं. सतराव्या लेण्यात शृंगार करणारी राजकन्या आहे, हातात आरसा, भोवती दासी. सोळाव्यात ती मान टाकलेली, जिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणतात. अंधारात डोळे सरावल्यावर ध्यानात येतं की या बायका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कुणी सावरते आहे, कुणी वारा घालते आहे, कुणी वाकून बघते आहे. प्रेक्षकाला तिथे खास आसन मांडलेलं नाही. जे.जे.च्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून पुढे बरीच वर्षं विद्यार्थी घेऊन या भित्तिचित्रांच्या नकला करवल्या होत्या, तेव्हा मुंबईला अजिंठा नवा नव्हता. अमृताने नक्कल केली नाही. दक्षिणेचा प्रवास करून आल्यावर १९३७ साली तिने ‘ब्राइड्स टॉयलेट’ काढलं: मधोमध अर्धवस्त्र नवरी, तळवे मेंदीने रंगलेले, मागे वेणी घालणारे हात. लग्नाच्या तयारीचा आनंद त्यात शोधून सापडत नाही. एखाद्या मुलीला दुसऱ्या घरी पाठवण्यासाठी तयार केलं जातं, तेव्हा तिचा होकार कुणी विचारलेला असतो का, हा प्रश्न त्या गप्प चेहऱ्यावर आहे.

गोरखपूर भागातल्या सरायाच्या वास्तव्यात, १९४० मध्ये, तिने ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपॉय’ काढलं. लाल कपड्यांतली बाई खाटेवर आडवी पडली आहे, एक गुडघा उंचावलेला, खाटेचे लाल खुंट आजूबाजूला उभे. बाजूला वारा घालणारी दासी. मला हे तिचं सर्वांत धाडसी चित्र वाटतं, आणि त्यात अंग झाकलेलं आहे. दुपारच्या सुस्तीत बाईच्या मनात इच्छा असू शकते, आणि ती इच्छा तिला कोंडून ठेवावी लागते, हे भारतीय चित्रात इतक्या स्पष्टपणे बाईने पहिल्यांदाच सांगितलं. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला अमृता गेली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. अमृता सरंजामी घरातली होती. तिच्या पहाडी बायका, तिच्या दासी, तिची बालवधू ही सगळी माणसं तिच्या घराण्याच्या आसऱ्याने किंवा मजुरीने तिच्यासमोर बसली. त्यांच्या चेहऱ्यावरचं मौन हे बाईपणाचं की मालकिणीसमोर बोलायचं नसतं म्हणून? दोन्ही असणार. चारपॉयवरच्या बाईची घुसमट आपल्याला दिसते, वारा घालणारीच्या दंडाला कळ लागली असेल ती चित्रात येत नाही. एका बाईने दुसऱ्या बाईला बघितलं की दोघींमधलं अंतर आपोआप मिटतं, असं मानणं भाबडेपणाचं आहे.

अमृतानंतर दहा वर्षांनी कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये जे.जे.त शिकत होती. वडील अण्णासाहेब चित्रकार, तेही ती लहान असतानाच वारलेले. १९५१ साली तिच्या ‘लेडी इन रिपोज’ या चित्राला उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं. सुझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर प्रदर्शनात चित्रं लागलेली ती एकमेव बाई. पुढे ती चित्रं काढायची थांबली. बायकांच्या मासिकांतल्या वेषभूषेच्या रेखाटनांनी तिला मिळकत दिली, त्यातून सिनेमा आला, आणि भानू अथय्या या नावाने ‘गांधी’साठी ऑस्कर घेणारी ती पहिली भारतीय ठरली. सगळे तो ऑस्कर सांगतात. मला मात्र त्या थांबलेल्या कॅनव्हासचं दुःख होतं. त्याच वर्तुळातले पुरुष हालअपेष्टांत का होईना, चित्रकार म्हणून टिकले. अकबर पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला, चित्रातल्या पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर आहे म्हणून. ते सुटले आणि आणखी मोठे झाले. एकट्या, कमावत्या मराठी मुलीला तेव्हा असा खटला परवडला असता का? भानूबाईंनी बाईची आकृती सोडली नाही, हे मात्र खरं. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींचा अभ्यास केला, आणि वैजयंतीमालेच्या अंगावरच्या त्या वेषभूषेत चित्रकर्तीचा डोळा स्पष्ट दिसतो.

खोलीचा आणि सोबतीचा प्रश्न नलिनी मलानींनी वेगळ्या रीतीने सोडवला. कराचीत १९४६ साली जन्म, फाळणीने उखडलेलं कुटुंब, शिक्षण जे.जे.त. त्यांनी स्टुडिओ थाटला तो लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या घाऊक बाजारात, हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत. त्यांच्या चित्रांतल्या बायका त्या गर्दीतून येतात आणि पुढे सीता, मेडिया, कॅसांड्रा यांच्यात मिसळतात. न्यूयॉर्कमध्ये बायकांनी चालवलेली एआयआर ही गॅलरी पाहून आल्यावर त्यांनी इथे तसं काही उभं करायची खटपट केली. त्यातून ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन झालं: मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख. १९८७ ते १९८९ या काळात ते देशात पाच ठिकाणी फिरलं. चौघींची शैली एकमेकींशी जुळत नाही, आणि तेच मला मोलाचं वाटतं. अर्पितांच्या साडीतल्या, पोक्त अंगाच्या बायकांभोवती फुलं, बंदुका आणि विमानं असतात. माधवीताईंच्या आकृत्या गुजरातच्या खेड्यातून आल्यासारख्या. ‘स्त्रीची नजर’ अशी एकच कुठली नजर नसते, ते या चार भिंतींवर दिसलं.

मग चौथऱ्यावरच्या बाईचं काय झालं? २०१७ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी महोत्सवातून रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट ऐन वेळी काढून टाकण्यात आला. निवड समितीने तो भारतीय विभागाच्या उद्घाटनासाठी निवडला होता. त्यातली यमुना नवऱ्याचं घर सोडून मुंबईला येते आणि मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेल होते. कल्याणी मुळे यांनी ती साकारली. पुढच्या वर्षी चित्रपट प्रदर्शित झाला, लोकांनी पाहिला. त्यातली सर्वांत खरी गोष्ट मला ही वाटली की ती बाई हे काम घरी लपवते. जिच्या अंगावरून मुलं शरीररचना शिकतात, तिला स्वतःच्या मुलाला आपला व्यवसाय सांगता येत नाही.

आपल्याच राज्यात एक फार जुनी परंपरा अशी आहे जिथे हा सगळा क्रम उलटा होता. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या घरी लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. तांदळाचं पीठ, बांबूची काडी, आणि मधोमध पालघाट देवी. चौक काढतात बायका, धवलेरी ही पुरोहित बाई गाणी म्हणत लग्न लावते, आणि त्या देवीची आकृती भिंतीवर आल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे गेले, कागद आला, बाजार आला. जिव्या सोमा म्हसे यांच्या हाताने ही कला जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ते त्याला सर्वार्थाने पात्र होते. पण भिंतीवरून कागदावर येताना कुंचला बायकांच्या हातातून पुरुषांच्या हातात गेला, हेही घडलं. भिंतीवर सही नव्हती. कागदावर सही लागते, सहीला भाव लागतो, आणि तो भाव ठरवायला शहरात जावं लागतं.

आता वारली मुली कागदावर, कापडावर, कॅनव्हासवर काम करतात, प्रदर्शनांत स्टॉल लावतात, चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहितात. दिवाळीच्या सुटीत प्रदर्शनांचे मांडव लागतील. वारलीचं चित्र विकत घेणार असाल तर विक्रेत्याला विचारा, हे कुणी काढलंय. नाव सांगता आलं नाही तर पुढच्या स्टॉलवर जा.